नेमाचा हिशेब

दिवाळी जवळ आली की बंदूक घेण्याचा प्रश्न घरोघर एकदा तरी निघतो. तो काढणारे गृहस्थ बहुधा सहा-सात वर्षांचे असतात, त्यांचे म्हणणे फार निकडीचे असते, आणि एक पत्र्याचे पिस्तूल व टिकल्यांच्या चार डब्या एवढ्यावर त्यांची समजूत पडते. यंदा मात्र हाच प्रश्न मला एका पन्नाशी गाठलेल्या गृहस्थांनी विचारला. त्यांना हवी होती ती खरीखुरी रायफल, आणि तिच्यासाठी बाजूला काढलेले पैसेही खरेखुरे होते.

हे गृहस्थ दिवाळ्याचे. नवी मुंबईत बेलापूरला, खाडीच्या काठावर, दिवाळे नावाचे कोळ्यांचे गाव आहे. चहूबाजूंनी इमारती उभ्या राहिल्या तरी गावाचे तोंड अजून पाण्याकडेच आहे. गावाच्या नावावरून बाहेरची माणसे विनोद करतात आणि गावकरी तो निमूटपणे ऐकून घेतात. दिवाळीच्या अंकात दिवाळ्याची गोष्ट सांगताना मी तो मोह आवरला असता. पण कोणाचे दिवाळे निघू नये हाच या गोष्टीतला मुख्य मुद्दा असल्यामुळे माझा नाइलाज आहे.

त्यांची मुलगी आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मराठीत बरी, एनसीसीत फार चांगली. गेल्या वर्षी नेमबाजीच्या सरावाला तिने पाच गोळ्या अशा मारल्या की पाचही भोके रुपयाच्या नाण्याखाली झाकली जावीत. आमच्या एनसीसीच्या अधिकाऱ्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि आठवडाभर जो भेटेल त्याला दाखवला. व्हायचा तो परिणाम झाला. पावसाळ्यात मासेमारीची बंदी चालू असताना, होड्या काठावर ओढलेल्या असताना, वडील मला भेटायला आले.

“सर, पोरीला बंदूक घ्याची हाय. इंजिनाला पैसं ठेवलेलं हायत. कंची घेऊ?”

मराठीच्या प्राध्यापकाला बंदूक विचारणे म्हणजे भटजींना मासळीचा भाव विचारण्यासारखे आहे. आमच्या विषयात बाण असतात, पण ते वाग्बाण. तरी मी त्यांना थोडे थांबायला सांगितले. त्यांच्या मागे उभी असलेली मुलगी ते जिना उतरताच परत वर आली आणि म्हणाली, “सर, बाबांना सांगा ना, इंजिनाच्या पैशाला हात लावू नका. पण बंदूक नकोच, असंही सांगू नका.”

इतकी अवघड अट घातलेला प्रश्न माझ्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत निघालेला नाही. मग मी एनसीसीच्या अधिकाऱ्यांना गाठले, दोन जुन्या नेमबाजांना गाठले, आणि जे कळले ते आधी त्या बापलेकींना सांगितले. आज वाचकांना सांगतो. कारण मध्यमवर्गीय घरात अलीकडे हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी उभा राहतो. वर्तमानपत्रात पदकाचे छायाचित्र आले की दुसऱ्या दिवशी तो अधिकच जोरात उभा राहतो.

प्रथम ही पॉइंट बावीस रायफल म्हणजे काय ते पाहू. टिकलीचे पिस्तूल ज्यांनी उडवले आहे त्यांना ते समजायला जड नाही. टिकलीवर घोडा आपटतो आणि कागदात चिकटवलेली चिमूटभर दारू उडते. पॉइंट बावीसच्या काडतुसात पितळी नळकांड्याच्या बुडाला बारीक कड असते आणि तिच्या पोकळीत पेटणारे रसायन भरलेले असते. रायफलीचा खिळा या कडेवर बसला की कड चेपते आणि रसायन पेट घेते. मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसवलेली असते. ती बदलून काडतूस पुन्हा भरता येते. कडेवर पेटणाऱ्या काडतुसाला पुनर्जन्म नाही. कड चेपली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते, आणि पातळ पितळेला जोराची दारू सोसत नाही. म्हणून हे काडतूस लहान आणि सौम्य राहिले, आणि इतर काडतुसांच्या मानाने स्वस्तही राहिले.

त्याचा जन्मही घरगुती म्हणावा असाच आहे. पॅरिसच्या फ्लोबेर नावाच्या कारागिराने १८४५ साली दिवाणखान्यात बसून नेम मारण्यासाठी अशी चिमुकली काडतुसे केली. आज जगभर वापरले जाते ते ‘लाँग रायफल’ काडतूस अमेरिकेत १८८७ साली निघाले. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, शिशाची. खांद्याला धक्का असा जवळजवळ बसतच नाही, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा गुण लाखमोलाचा आहे. जोराचा धक्का देणारी बंदूक नवशिक्याच्या हाती दिली की तो चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो व खांदा आखडतो. ही खोड एकदा लागली की ती सोडवण्यात वर्ष जाते. पॉइंट बावीस ती लागूच देत नाही.

सैन्यांच्याही हे लवकर ध्यानात आले. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तिथल्या शेतकऱ्यांनी इंग्रज सैन्याला नेमबाजीचा चांगलाच धडा दिला. त्यानंतर लॉर्ड रॉबर्ट्‌स यांच्यासारखे सेनापती गावोगाव लहान रायफलींचे क्लब निघावेत म्हणून झटू लागले. लष्करी रायफलीच्या गोळ्या सरावाला महाग पडत आणि त्यांना लांबलचक मैदान लागे. तेव्हा युक्ती निघाली ती अशी, की रायफल तीच ठेवायची, वजन तेच ठेवायचे आणि नळी तेवढी पॉइंट बावीसची घालायची. हातांना सवय खऱ्या बंदुकीची होते, खर्च लहान काडतुसाचा पडतो. आपली एनसीसी १९४८ च्या कायद्याने सुरू झाली. तिथे पिढ्यान्पिढ्यांनी हाताळलेली जुनी जड रायफल अशीच थ्री-नॉट-थ्रीच्या अंगाची आणि पॉइंट बावीसच्या नळीची होती. पुढे तिच्या जोडीला आपल्याकडे बनलेली हलकी ‘डीलक्स’ आली. पंचवीस यार्डांवर पोटावर पडून मारलेल्या त्या पाच गोळ्या ज्यांना आठवतात, असे वाचक या पानावर पुष्कळ असतील.

अंजली भागवत यांच्या हाती बंदूक आली ती मुंबईच्या कीर्ती कॉलेजात, एनसीसीतूनच. पुढे २००२ साली म्युनिकला त्या चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स ठरल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली त्याच म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोन प्रकारात, म्हणजे पॉइंट बावीसनेच, जगज्जेतेपद मिळवले. नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ती पहिली भारतीय स्त्री. आणि १ ऑगस्ट २०२४ हा दिवस तर ताजाच आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण मिळवून तिसरा आला. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो २००९ पासून घडला, दीपाली देशपांडे यांनी त्याला शिकवले, आणि पोटापाण्याला त्याने रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी धरली. मुलाच्या सरावासाठी शिक्षक असलेल्या वडिलांनी कर्ज काढले होते, ही गोष्ट पदकानंतर वर्तमानपत्रांतून घरोघर वाचली गेली.

आमच्या दिवाळ्याच्या गृहस्थांनीही ती वाचली होती. “त्या बापानं कर्ज काढलं, मग माझं तर पैसं घरातच हायत,” असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद होता. परंतु त्या कर्जाच्या गोष्टीत एक बारकावा आहे. नेमबाजाच्या बापाला खरा पुरता घाम फोडतात त्या गोळ्या.

हा हिशेब आम्ही तिघांनी कागदावर मांडला, तो असा. पन्नास मीटरच्या सामन्यात साठ गोळ्या गुणांच्या असतात: वीस गुडघा टेकून, वीस पोटावर पडून, वीस उभे राहून. आधी नेम जुळवण्याच्या गोळ्या वेगळ्या. सरावाच्या एका दिवसाला ऐंशी धरू. आठवड्याचे पाच दिवस म्हणजे चारशे. वर्षाचे पन्नास आठवडे म्हणजे वीस हजार. परदेशी काडतूस नुसते पंचवीस रुपयांना पडते असे धरले तरी वर्षाचे पाच लाख होतात. याउलट दहा मीटरच्या हवेच्या रायफलीचा छर्रा तीन रुपयांचा धरला तर तेवढ्याच सरावाचे साठ हजार. भाव वरखाली होतील, दोहोंमधला फरक राहीलच. बंदूक एकदाच घ्यावयाची असते, गोळी रोज. लग्नात नवरीचा शालू ज्या उत्साहाने निवडतात त्या उत्साहाने आपण बंदूक निवडतो, आणि रोजच्या डाळतांदळाचा विचार करायचे विसरतो.

वडिलांनी बोटाने आकडे पुन्हा मोजले. डिझेलचा हिशेब ज्याला रोज करावा लागतो त्याला ही गोष्ट फोडून सांगावी लागत नाही. इंजिन आणि डिझेल यांचे जे नाते, तेच रायफल आणि काडतुसाचे.

म्हणून जाणकारांचा पहिला सल्ला असा की पहिले वर्ष रायफल विकत घेऊच नये, क्लबाची वापरावी. आरंभ हवेच्या रायफलीवर करावा. तिच्या दहा मीटरच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा असतो. उभे राहणे, श्वास धरणे, चाप हळू दाबणे हे सगळे तिथेच पक्के होते. छर्रा नळीतून बाहेर पडायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात हात हलला तर चूक ताबडतोब लक्ष्यावर दिसते. साडेचार मिलिमीटर नळीच्या आणि वीस ज्यूलपर्यंत जोर असलेल्या हवेच्या रायफलीला परवानाही लागत नाही, ओळखीचे व पत्त्याचे कागद द्यावे लागतात. आमच्या भागाचे भाग्य असे की पनवेलला सुमा शिरूर यांनी ‘लक्ष्य’ नावाचा क्लब काढला. अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठलेली ही नेमबाज. तिच्या हाताखाली शिकलेल्या अवनी लेखराने टोकियो आणि पॅरिस अशा दोन पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळवली. बेलापूरहून पनवेल गाडीने चौथे स्टेशन. मुंबईकडच्यांना वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुणेकरांना बालेवाडी आहे.

तरीही पुढेमागे स्वतःची पॉइंट बावीस घ्यावयाची वेळ येतेच. तेव्हा काय पाहावे?

बोल्टची, एका वेळी एकच गोळी भरावयाची रायफल घ्यावी. प्रत्येक गोळी हाताने भरावी लागली की प्रत्येक गोळीचा विचार होतो. मग दस्ता पाहावा. तो खांद्याला लावल्यावर मान ताणावी किंवा वाकवावी लागू नये; डोळा आपोआप साइटच्या रेषेत यावा. कपड्यांचे माप असते तसेच हे माप असते. वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठी खांद्याकडचा भाग आणि गालाचा टेका पुढेमागे, वरखाली करता येणारा असावा. स्पर्धेच्या नियमात आठ किलोपर्यंत वजन चालते. म्हणून सडपातळ मुलीने आठ किलोची रायफल उचलावी असे नाही. वीस गोळ्या उभ्याने मारून झाल्यावर कंबर काय म्हणते, ते वजनाच्या काट्याहून अधिक खरे.

दुर्बिणीवर पैसे घालवू नयेत. या स्पर्धांत रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक भोकाची गोल साइट आणि पुढे गोल कडीची माशी असली की काळे लक्ष्य त्या कडीत चंद्रासारखे बसते. चाप हलका असावा. मुख्य म्हणजे तो दर वेळी एकाच जागी सुटावा.

काडतुसांची गंमत आणखी निराळी आहे. जास्त वेगाचे काडतूस अधिक चांगले, असा नवख्याचा समज असतो. पण नेमाच्या काडतुसाचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला तीनशे तीस मीटरच्या आसपास ठेवतात. आवाजाला मागे टाकून निघालेली गोळी वाटेत मंदावते आणि आवाजाचा उंबरठा पुन्हा ओलांडताना डगमगते. शिवाय प्रत्येक नळीची आवड वेगळी. एकाच कारखान्याच्या दोन घाण्यांतली काडतुसे एकाच रायफलीतून वेगवेगळी लागतात. म्हणून मोठे नेमबाज रायफल शिकंजात आवळून निरनिराळ्या घाण्यांची काडतुसे झाडून पाहतात आणि जी सर्वांत जवळजवळ लागतील त्यांचा वर्षाचा साठा करतात. आपण एवढे करू नये. तीन प्रकारच्या एकेक डब्या घेऊन पाच-पाच गोळ्यांचे कागद जपून ठेवावेत. महागडी डबी आपल्याच नळीला आवडेल अशी हमी नसते.

जुनी रायफल मिळाली तर नाक मुरडू नये. शिशाची संथ गोळी नळी फारशी झिजवत नाही. आन्शुत्झ किंवा वॉल्थरसारख्या जर्मन कारखान्यांची रायफल जपली असेल तर वीस-पंचवीस वर्षांनंतरही नेमाला चोख असते. मात्र नळीचे तोंड बारकाईने पाहावे. तिथे ठोकर लागली असेल तर गोळी बाहेर पडतानाच वाकडी होते. गंजाची तपासणी करावी. या मुद्द्यावर आमचे कोळी गृहस्थ प्रथमच मला शिकवू लागले. खाडीची हवा लोखंडाला आठ दिवसांत कशी धरते, तेलाचे फडके कुठून फिरवावे आणि कुठे तेल साचू देऊ नये, हे त्यांनी इंजिनाच्या भाषेत सांगितले आणि ते जसेच्या तसे रायफलीला लागू होते. आणखी एक गोष्ट जुन्या नेमबाजांनी बजावून सांगितली. काडतूस न भरता चाप ओढण्याचा सराव अतिशय उपयोगी आणि बिनखर्चाचा. परंतु पुष्कळशा पॉइंट बावीस रायफलींत रिकाम्या नळीवर खिळा आपटला की नळीच्या काठाला खाच पडते. त्यासाठी बनवलेले पोकळ काडतूस घालूनच तो करावा.

आता कायद्याचे. पॉइंट बावीस लहान असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती पुरती बंदूक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना पाहिजे, आणि सर्वसाधारण परवाना वयाची एकवीस वर्षे पुरी झाल्यावरच मिळतो. त्याखालच्या वयाला ठरवून दिलेल्या अटींवर, देखरेखीखाली, सराव करता येतो. नोंदणी झालेल्या नेमबाजांना काही सवलती आहेत, पण त्यांची वाट क्लबातून, संघटनेतून आणि सामन्यांतल्या गुणांतून जाते. नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तांचे कार्यालय बेलापुरातच, दिवाळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मात्र जवळ राहतो म्हणून परवाना लवकर मिळत नाही. परवाना मिळाल्यावरही रायफल कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि किल्ल्या मोठ्या माणसाजवळ. ज्या घरात लोखंडी कपाटाला जागा नाही, त्या घराने रायफल क्लबात ठेवण्याची सोय आधी विचारावी.

मुलगी एकोणीस वर्षांची आहे. कायद्याचा हा भाग ऐकल्यावर वडील थोडा वेळ गप्प बसले. त्यांना पैसे वाचल्याचा आनंद झाला नाही, हे मला स्पष्ट दिसले. मुलीसाठी काही मोठे करावयाचे ठरवून माणूस उंबरठा ओलांडून येतो, आणि त्याला ‘आता काही करू नका’ असे सांगितले की त्याचे हात रिकामे राहतात. म्हणून आम्ही त्यांना काम दिले. पहिल्या वर्षी क्लबाची वर्गणी, छर्रे, गाडीचा पास आणि जाड कापडाचे सरावाचे जाकीट एवढे त्यांनी द्यावयाचे. पॉइंट बावीस एनसीसीच्या सरावाला मिळेल तेवढीच. वर्षाअखेर तिचे गुण पाहून हवेची जुनी रायफल बघावयाची, आणि पॉइंट बावीसचा विचार त्यानंतर. इंजिनाचे पैसे इंजिनाला गेले. बंदी उठली तेव्हा होडी नव्या इंजिनावर निघाली.

मुलीने एक वही घातली आहे. दर दिवशी किती छर्रे मारले, किती दहा लागले, कोणत्या वेळी दमणूक झाली, हे ती त्यात लिहिते. पनवेलला जाता येत नाही त्या दिवशीही पान कोरे नसते. एका जागी स्थिर उभे राहण्याचा वीस मिनिटांचा सराव घरी केल्याची नोंद असते. परवा तिने ती मला तपासायला दिली. शुद्धलेखनाच्या चुका मी काढल्या. गुणांच्या रकान्यात काढण्यासारखे काही नव्हते, आकडे हळूहळू वर चढत होते.

आपल्या भाषेत रोज न चुकता पाळावयाच्या व्रताला नेम म्हणतात आणि लक्ष्यावर रोखलेल्या दृष्टीलाही नेमच म्हणतात. त्या वहीची पाने उलटताना हे दोन शब्द मला वेगळे करता येईनात. बाजारात रायफली पुष्कळ आहेत, आणि ऐपतीप्रमाणे एखादी निवडताही येते. ती निवडण्याआधी घरात अशी एक वही भरलेली असावी, एवढे मात्र मी आता विचारणाऱ्या प्रत्येक आईबापांना सांगतो.